पुंजाजीचं खारं पाणी

चहा फाटला की मला पुंजाजी आठवतो. बायको म्हणते, दूध जुनं होतं. असेलही. पण तो फाटका चहा मी टाकू देत नाही, बशीत ओतून घोटभर तरी पितो. घरात हा माझा चक्रमपणा म्हणून खपून गेलेला आहे.

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मीही नुकताच मास्तर झालो होतो. माझं घर दुसरबिडाकडं, घाटावर. नेमणूक मिळाली ती घाटाखाली, सोनाळ्याच्या अलीकडच्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढं ज्या नाटकाचं सांगणार आहे त्यातले दोघे-तिघे अजून काठी टेकत फिरतात आणि ते माझ्याहून तापट आहेत. त्या पट्ट्यातलं पाणी खारं. डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि चहात दूध घातलं की ते फाटलंच म्हणून समजा. सबंध गावात गोड पाण्याची विहीर एकच. पुंजाजीच्या बापानं खणलेली, आणि मी गेलो तेव्हा पुंजाजीच्या थोरल्या भावाच्या, सुखदेवच्या ताब्यात असलेली. सारं गाव तिचं पाणी पीत असे. पुंजाजी तेवढा पीत नसे.

पुंजाजी फौजेतून आलेला. अंगानं फार थोराड नव्हता, पण मान अशी की शर्टाचं वरचं बटण कधी लागलं नाही. फौजेत तो बॉक्सिंग शिकला आणि त्याच्या पलटणीत म्हणे त्याला तोड नव्हती. येताना हातमोज्यांचे दोन जोड घेऊन आला होता. ते खुंटीला टांगलेले असत आणि दर रविवारी तो त्यांना जवसाचं तेल लावी. नाल्याकाठचं एक वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं, करून त्यात वांगी, मेथी, मिरची काढी. बाजारात वांगी तोलायला उभा राहिला तरी डावा पाय पुढं, हनुवटी खाली. गिऱ्हाइकाला वाटे, हा आता आपल्याला मारतो की काय. घासाघीस कोणी करत नसे.

गाव कुस्तीचं. आखाड्यातले लोक त्याची टर उडवत. पकडायचं नाही, पाडायचं नाही, नुसतं दुरून तोंडावर मारायचं, हा काय खेळ झाला, असं त्यांचं म्हणणं. पुंजाजी ऐकून घेई. एकदा मला म्हणाला, "कुस्तीत राग चालते. याच्यात नाही चालत. याच्यात राग पायात ठेवा लागते, मास्तर. हातात आला का सारं गेलं." हे त्याचं आवडतं वाक्य. माझ्या वर्गातल्या पोरांनाही त्यानं ते ऐकवलं होतं.

त्याचा राग मात्र खरोखरच पायापासून डोक्यापर्यंत भरलेला होता, आणि त्याचं कारण साऱ्या गावाला अर्धवट ठाऊक होतं. पूर्ण मला त्यानं सांगितलं. तो दूर सरहद्दीवर असताना त्याची आई वारली. आईचा जीव धाकट्यावर. विहिरीचं वावर पुंजाजीच्या नावानं करा, असं ती बोलून दाखवायची. ती अंथरुणाला खिळली, तिनं पुंजाजीचा धोशा लावला, तेव्हा सुखदेव गावात सांगत सुटला की तार केली, पुंजाजी निघाला असेल. आई गेली. पुंजाजीला महिन्यानं पोस्टकार्ड मिळालं, त्यात सुखदेवनं लिहिलं होतं की तुझी फार वाट पाहिली. सुट्टीवर आल्यावर पुंजाजी तडक तालुक्याच्या तारऑफिसात गेला. तिथल्या बाबूनं त्या महिन्याची वही उलटीपालटी करून पाहिली. असली तार तिथून कधी गेलीच नव्हती.

दुसरा कोणी असता तर कुऱ्हाड घेऊन निघाला असता. पुंजाजी परत फौजेत गेला, राहिलेली वर्षं काढली आणि गावात येऊन मारुतीच्या पारावर चार माणसांदेखत बोलला की दादा जोवर लोकांसमोर कबूल करत नाही, तोवर त्या विहिरीचं पाणी मी तोंडात घेणार नाही. सुखदेव म्हणाला, तार वाटेत गहाळ झाली असेल, त्याला मी काय करू. गावानं ते निम्मं मानलं, निम्मं सोडून दिलं. गोड पाणी त्याच्या विहिरीचं असल्यावर कोण जास्त खोलात जाणार.

तीन वर्षं त्यानं ते पाळलेलं मी पाहिलं. लग्नाच्या पंगतीत गेला तर बगलेत स्वतःचा तांब्या, त्यात पाटलाच्या आडाचं खारं पाणी. कोणाकडं चहा घेत नसे, कारण चहा सुखदेवच्या पाण्याचा. भाऊ आहे, सोडून दे, असं समजवायला कोणी त्याच्या घरी गेला की तो मुकाट्यानं चूल पेटवी, खाऱ्या पाण्याचा चहा मांडी आणि त्यात दूध घाली. पाहुण्यासमोर त्या चहाच्या गुठळ्या होत. पाहुणा कपाकडं बघत बसला की पुंजाजी म्हणे, "गोड पाह्यजे असंन तर माह्या भावाकडं जा. तथी बोलनंही गोड भेटते." पोलिसपाटील, देवळाचा पुजारी, सोनाळ्याचा एक मामा, सगळ्यांनी तो चहा प्यायला. दुसऱ्यांदा कोणी गेलं नाही. मी मात्र रोज जाई आणि रोज पीत असे. आमची दोस्ती त्या चहावर झाली.

खोटं कशाला सांगू, सुखदेवशी माझंही वाकडं होतं. गावात आलो त्या आठवड्यात त्यानं मला अंगणात उभं करून नावगाव विचारलं होतं आणि मी बोलायला लागलो की माझ्या घाटावरच्या बोलण्याची हुबेहूब नक्कल करून दहा माणसांना हसवलं होतं. नक्कल इतकी बेमालूम की मलाही हसू आलं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. उंच, गोरा, खर्जातला आवाज. गावाच्या नाटकात दरवर्षी नायक तोच. दुसरा कोणी उभा राहिलेला लोकांना चालायचाच नाही.

आणि त्या नाटकाची एक रीत सांगितली पाहिजे. घाटाखाली वन्स मोर म्हणजे हुकूम. लोकांनी मागितला आणि नटानं दिला नाही, तर वाढलेलं ताट ढकलल्यासारखं मानत. माझ्या तिसऱ्या वर्षी सुखदेव एका नाटकात राजा होता आणि शेवटी मरत होता. मरण इतकं रंगलं की वन्स मोर आला. राजा उठला, धोतर सावरलं, भाला पुन्हा छातीशी धरला आणि मेला. पुन्हा वन्स मोर. तिसऱ्यांदा मेला तेव्हा राणी झालेला शिंपी कंटाळून चिलीम ओढायला निघून गेला होता. सुखदेव तिन्ही वेळा सारखाच मेला, तोच हुंदका, त्याच जागी. मी थक्क झालो होतो.

त्या नाटकानंतर आठ-दहा दिवसांनी पुंजाजी मला म्हणाला, "मास्तर, तुम्ही एक नाटक लिवा. बॉक्सिंगचं." मला वाटलं, थट्टा करतो. तो थट्टा करत नव्हता. दोन भाऊ असावेत, धाकटा बॉक्सिंग खेळणारा, थोरला दगाबाज. शेवटी दोघांची लढत व्हावी आणि थोरल्यानं पडता पडता कबुली द्यावी. थोरल्याचं काम सुखदेवनं करावं. मी म्हटलं, तो मूर्ख आहे का. पुंजाजी म्हणाला, "भाषण लांब ठेवा. सगळ्यात लांब भाषण त्याचं ठेवा. तो येते."

मी आठवड्यात नाटक लिहून काढलं. इतक्या आनंदानं मी पुढं आयुष्यात काही लिहिलं नाही. सुखदेवला दिलेल्या प्रत्येक वाक्यात एक खिळा ठेवला होता. नावं तेवढी बदलली. वही घेऊन त्याच्याकडं गेलो तेव्हा तो ओसरीवर बसून वाचत गेला, मध्ये मध्ये मान डोलावत, आणि त्या कबुलीच्या वाक्याशी थांबला. मायच्या वेळी तार मी मुद्दाम केली नाही, असं ते वाक्य होतं. त्यानं विचारलं, हे कोणी लिहिलं. मी म्हटलं, मी. कोणी लिहायला लावलं, ते त्यानं विचारलं नाही. वही मिटली, गोड पाण्याचा तांब्या माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाला की तालीम कधीपासून. तो का तयार झाला, हे मला तेव्हा कळलं नाही. हावरा नट, एवढंच मी समजलो.

तालीम दोन महिने चालली. शाळा सुटल्यावर पटांगणात चार बाभळीचे खांब रोवून त्यांना मोटेचा नाडा बांधला आणि त्या चौकोनात दोघं सख्खे भाऊ समोरासमोर उभे राहायला लागले. पुंजाजी त्याला शिकवायचा, पण बोलायचा माझ्याकडं बघून. मास्तर, त्याले सांगा हनोटी खाली घे. मास्तर, त्याले सांगा डोळे मिटू नको. सुखदेव ऐकायचा. पन्नाशीकडं झुकलेला माणूस घामाघूम होऊन शिकत होता. भावाभावांत त्या तीन वर्षांत जे काही थेट बोलणं झालं, ते माझ्या वहीतलं.

मला भीती वाटत होती की पुंजाजी एखाद्या दिवशी खरंच मारील. त्याचा एक ठोसा सुखदेवला आयुष्यभर पुरला असता. तसं मी बोलूनही दाखवलं. पुंजाजी हातमोज्याला तेल लावत होता. म्हणाला, "मारायचंच असतं तर मोजे कायले घालतो? मले त्याच्या हाडाचं काही नाही पाह्यजे. मले त्याच्या तोंडातलं पाह्यजे." आणि खरोखर दोन महिन्यांत त्याचा हात सुखदेवच्या गालाला नुसता लागून परत येत राहिला. आई जशी ताप बघते, इतका हलका.

कबुलीचं वाक्य मात्र तालमीत सुखदेवनं एकदाही म्हटलं नाही. तिथवर आला की हात वर करून म्हणायचा, हे त्या दिवशी बोलतो, आता आवाज राखून ठेवतो. पुंजाजी मोज्यांच्या दोऱ्या सोडायला घेई. मी रात्री अंथरुणात त्याच्या वतीनं दात खात असे.

नाटक दिवसा करायचं, हा हट्ट पुंजाजीचा. बत्तीच्या उजेडात माणसाचं तोंड नीट दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणून बाजाराच्या दिवशी, तिसऱ्या प्रहरी, दुकानं आवरत आली असता बाजाराच्याच पटांगणात नाडे बांधले. पडदा नाही, रंग नाही. चारही बाजूंनी माणसं बसली होती, गाड्यांवर उभी होती. आजूबाजूच्या गावांचे बाजारकरूही थांबले. मी कोपऱ्यातल्या खांबाशी वही घेऊन बसलो. सुखदेवची बायको बायकांमध्ये पुढं बसलेली मला दिसत होती.

एवढं चांगलं नाटक त्या गावात झालं नाही. सुखदेवनं पहिल्या प्रवेशापासून सगळ्यांना मुठीत घेतलं. त्याचा थोरला भाऊ दुष्ट होता, पण रडवायचाही. पुंजाजीला अभिनय येत नव्हता. तो फक्त उभा राहायचा आणि बघायचा, आणि त्या बघण्यानं समोरची पोरं आईच्या पदराआड जात होती. शेवटची लढत आली. चार-पाच फेऱ्या दोघं वहीप्रमाणं खेळले. ठरल्याप्रमाणं सुखदेव गुडघ्यावर पडला.

सुखदेव वर बघून म्हणाला, "मायच्या वेळी तार मी मुद्दाम केली नाही."

पुंजाजीचे हात हनुवटीशी होते. त्यानंतर वहीत धाकट्याचं वाक्य होतं. मी ते पुटपुटलो. पण सुखदेव थांबला नव्हता. तो म्हणाला, "तीन दिवस माय दरवाज्याकडं तोंड करून पडून होती. तू येशीन म्हून. मले तिचं ते पाहनं सहन नाही झालं. मी तिची खाट फिरवली. भिंतीकडं तोंड करून ठेवली. तशीच गेली."

हे माझ्या वहीत नव्हतं. मी पान उलटून पाहिलं, तरीही नव्हतं. सुखदेवचा आवाज खाटेपाशी फुटला होता आणि तो त्यानं सावरला नव्हता. पुंजाजीचे हात हळूहळू खाली आले. इतकी वर्षं तो या वाक्यासाठी जगला होता आणि त्याच्या हाती वाक्यापेक्षा जास्त काहीतरी आलं होतं. तो एक पाऊल पुढं झाला. "दादा," म्हणाला. वहीत तेही नव्हतं.

आणि मागून कोणीतरी ओरडलं, वन्स मोर.

मग साऱ्या बाजारानं तो उचलला. बाया डोळे पुसत होत्या आणि माणसं टाळ्या पिटत होती. सुखदेवनं आपल्या आयुष्याचं पाप ओकलं होतं, आणि चारशे डोळ्यांना त्यात फक्त सुखदेवचं काम दिसलं. हे सांगायला मला लाज वाटते, पण वही मांडीवर ठेवून मीही टाळ्या वाजवल्या. वाजवून झाल्यावर माझं पुंजाजीकडं लक्ष गेलं. तो लोकांकडं बघत होता, हे काय चाललंय म्हणून.

सुखदेव काही क्षण तसाच गुडघ्यावर होता. त्यानं चारी बाजूंना पाहिलं. मला वाटलं, हा आता उठून हात जोडील आणि म्हणेल, बाबांनो, हे नाटक नाही. तो उठला. डोळे पुसले. दोन पावलं मागं आपल्या जागी गेला, पुन्हा गुडघ्यावर बसला आणि सुरुवातीपासून बोलला. तार. तीन दिवस. दरवाजा. खाट. आवाज बरोबर खाटेपाशी फुटला.

पुंजाजीनं मारलं. एकच, उजव्या हातानं. राग हातात आला होता. सुखदेव नाड्यावर जाऊन आदळला, तोंडातून रक्त आलं आणि पुढचा दात मातीत पडला. लोकांनी तेही नाटकच समजून टाळ्या वाजवल्या. मी शेवटी दोघा भावांची गळाभेट लिहिली होती, पण पुंजाजीनं दातांनी हातमोज्यांच्या दोऱ्या सोडल्या, मोजे तिथंच टाकले आणि नाड्याखालून वाकून निघून गेला. सुखदेव रक्ताळल्या तोंडानं उभा राहिला आणि लोकांना नमस्कार केला. त्या नमस्कारासाठी मी त्याला माणसातून काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी वहिनी गोड पाण्याची घागर घेऊन पुंजाजीच्या दारात आली. कबूल केलं ना त्यांनी, आता घ्या, असं म्हणत होती. पुंजाजीनं घागर घेतली आणि निंबाच्या बुडाशी हळूहळू रिकामी केली. रिकामी घागर तिच्या हातात नीट दिली. मी तिथंच बसलो होतो आणि मला फार बरं वाटलं. वहिनी उंबऱ्यात जरा थांबली होती, तिला काही सांगायचं होतं बहुतेक. आम्ही दोघांनी तिला विचारलं नाही.

पुढं माझी बदली घाटावर झाली. बरीच वर्षं गेली. मग एका जुन्या विद्यार्थ्याच्या लग्नाला सोनाळ्याला गेलो, आणि परतताना वाट वाकडी करून त्या गावी उतरलो. पुंजाजी विहिरीच्या वावरात भेटला. केस पिकले होते, मान तशीच होती. सुखदेव जाऊन वर्ष झालं होतं. वावर वहिनीनंच त्याच्या हवाली केलं होतं. तिथली वांगी एवढी चकचकीत होती की मी तसं बोललो. तो म्हणाला, गोड पाण्याची आहेत.

बांधावर बसल्यावर मी काही न विचारता तो सांगायला लागला. सुखदेव अंथरुणाला लागला तेव्हा त्यानं पुंजाजीला बोलावणं धाडलं. वहिनी दोनदा आली, तिचा भाऊ एकदा आला. "मी गेलो नाही," पुंजाजी म्हणाला. "दिवस मोजत होतो, मास्तर. मायचे तीन झाले, याचेही तीन होऊ दे म्हनलं."

चौथ्या सकाळी गेला, तेव्हा खाटेवरचा माणूस संपला होता. खाट भिंतीकडं तोंड करून होती. खाट कोणी फिरवली, असं त्यानं वहिनीला विचारलं. वहिनी म्हणाली, पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतः फिरवायला लावली, मायले जसं ठेवलं तसं मले ठेव म्हणाले. दाराकडं बघतच नव्हते. पायांचा आवाज आला की फक्त विचारायचे, पुंजा आला का.

पुंजाजीनं हाताशी आलेलं एक वांगं खुडलं. मग म्हणाला, "तथी पाहाले कोनी नव्हतं, मास्तर. वन्स मोर म्हनाले कोनी नव्हतं. म्हंजे पह्यल्या खेपीले तो खरंच बोलला होता."

नाटक माझंच होतं, आणि टाळ्यांत दोन हात माझेही होते.

त्यानं विहिरीतून बादली ओढली आणि मला तांब्याभर पाणी दिलं. मी प्यायलो. गार, गोड पाणी. तो उठून झाडाखाली गेला, फडकं बांधलेलं एक मडकं उचललं, ते घरून आणलेलं होतं. वास ओळखीचा होता. मी म्हटलं, पुंजाभाऊ, आता काऊन? सुखदेव गेला, विहीर तुमची झाली. आता कोणावर राग?

"हाये ना एक जन अजून, दिवस मोजनारा," तो म्हणाला, आणि ते खारं पाणी त्यानं मडकं तिरपं करून शेवटपर्यंत प्यायलं. मग तोंड पुसलं, हनुवटी खाली घेतली, आणि डावा पाय पुढं टाकत वांग्यांना पाणी सोडायला गेला.